पायाखालचा चमचाभर द्रव

नवी दिल्लीत 1, मोतीलाल नेहरू प्लेस या पत्त्यावर लालबहादूर शास्त्रींचे स्मारक आहे. तिथे एक क्रीम रंगाची फियाट 1100 उभी आहे. क्रमांक डीएलई 6, मॉडेल 1964 सालचे. गाडीची किंमत होती 12,000 रुपये. पंतप्रधानांच्या घरी जमले 7,000, आणि उरलेले 5,000 पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाने घेतले. जानेवारी 1966 मध्ये शास्त्रीजी ताश्कंदला गेले आणि तिथेच वारले, तेव्हा कर्ज फिटायचे होते. ते त्यांच्या पत्नी ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. मराठी माणसाला या गाडीपाशी थांबायला आणखी एक कारण आहे. भारतात ही फियाट बनत असे मुंबईच्या कुर्ल्यात, सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. पुढे हीच ‘पद्मिनी’ झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून घरोघरी ठाऊक झाली.

गाडी पाहायला आलेला माणूस तिचा रंग पाहतो, आतले मोठे सुकाणूचक्र पाहतो, क्रमांकाच्या पाटीचा फोटो काढतो. वाकून खाली कोणी पाहत नाही. गाडीत बसणाऱ्यांचा जीव ज्या भागाच्या हवाली होता तो मात्र खालीच आहे: पेन्सिलीपेक्षा बारीक, जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीची एक पोलादी नळी. ती पेडलापासून निघून गाडीच्या पोटाखालून चारही चाकांपर्यंत जाते. जुन्या गाड्यांचे शौकीन इंजिनावर, रंगाच्या मूळ छटेवर, सीटच्या चामड्यावर तासन्‌तास बोलतात. या नळीला, तिच्या टोकांना असलेल्या रबरी होजना आणि तिच्या वाटेवरच्या छोट्या झडपांना त्या बोलण्यात फारशी जागा मिळत नाही. ती मिळायला हवी, कारण एका जुन्या मोटारीत याहून विलक्षण दुसरे काही नाही, आणि याहून लवकर बदलण्यासारखेही काही नाही.

बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडलेला नियम. ब्रेकचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे, पण त्याची ताकद आकडे घातल्याशिवाय कळत नाही. समजा, ड्रायव्हरने पेडलवर 30 किलोचा जोर दिला. पेडल ही तरफ आहे. तिने तो पाचपट केला, म्हणजे तिला जोडलेल्या मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर 150 किलो आले. दट्ट्याचा व्यास पाऊण इंच धरला तर त्याचे क्षेत्रफळ होते सुमारे 2.85 चौरस सेंटिमीटर. म्हणजे नळीत दर चौरस सेंटिमीटरला 52 किलोचा दाब तयार झाला. टायरमध्ये आपण जी हवा भरतो तिचा दाब साधारण 2 किलो असतो. हा त्याच्या पंचवीसपट. चाकापाशी व्हील सिलिंडरचा दट्ट्या एक इंच व्यासाचा असेल, तर तिथे प्रत्येक दट्ट्या 265 किलोच्या आसपास जोराने ब्रेक शूला चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर रेटतो. एवढे सगळे एका पायाच्या जोरावर, चारही चाकांना एकाच क्षणी.

आता यात द्रव किती हलला ते पाहा. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या दोन सेंटिमीटर पुढे गेला तर सहा घनसेंटिमीटरही द्रव पुढे सरकत नाही. चहाचा एक चमचा! टनभर वजनाची गाडी थांबते ती या चमचाभर द्रवावर. त्यात वाटणी चार चाकांची.

हाच हिशोब उलटा केला की नळीत हवा शिरण्याला मेकॅनिक एवढे का घाबरतात ते समजते. द्रव दाबाखाली आक्रसत नाही, हवा आक्रसते. 52 किलोच्या दाबाखाली एक घनसेंटिमीटर हवेचा पन्नासावा भाग उरतो. नळीत कुठे पाचसहा घनसेंटिमीटर हवा अडकली असेल तर पेडलाची जवळजवळ सगळी हालचाल ती हवा दाबण्यातच संपते आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. पेडल स्पंजासारखे मऊ लागते, दोनतीनदा दाबल्यावर वर येते. दिल्लीतल्या कुठल्याही गॅरेजात अशा वेळी ‘हवा निकालनी पड़ेगी’ असे ऐकू येते; पुण्या-मुंबईत ‘एअर काढावी लागेल’ म्हणतात. हवा काढून पेडल घट्ट झाले की गाडीवाला समाधानाने निघतो. बंद असलेल्या व्यवस्थेत हवा आली कुठून, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. जिथून हवा आत येते तिथूनच एक दिवस द्रव बाहेर जातो.

द्रवाच्या ब्रेकची कल्पना मोटारीत आणणारा माणूस विमानांच्या जगातला होता. अमेरिकेत माल्कम लॉकहीड आणि त्याचा भाऊ अॅलन यांनी विमाने बांधण्याचा उद्योग काढला होता. माल्कमने 1917 मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट घेतले. 1921 मध्ये ड्युसेनबर्ग कंपनीने आपल्या मॉडेल ए मोटारीला चारही चाकांना हे ब्रेक लावले, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत जिमी मर्फीने ड्युसेनबर्ग हाकून बाजी मारली. 1924 मध्ये वॉल्टर क्रायसलरने आपल्या पहिल्या मोटारीला हेच ब्रेक दिले. त्याच्या अभियंत्यांनी एक मोठी सुधारणा केली. सिलिंडरमधल्या दट्ट्याला द्रव अडवण्यासाठी चामड्याच्या वाट्या असत आणि त्या गळत. त्यांच्या जागी रबरी वाट्या आल्या. आज गॅरेजात ‘किट’ म्हणून ज्या पुडीत रबराचे छोटे तुकडे मिळतात, त्यांचा वंश इथून सुरू होतो. हेन्री फोर्डने मात्र 1938 च्या मॉडेलांपर्यंत सळया आणि तारांचेच ब्रेक ठेवले.

ड्युसेनबर्ग म्हटले की मराठी वाचकाला इंदूर आठवायला हवे. यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी या कंपनीच्या एसजे चासीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी नारिंगी-काळ्या रंगांत बांधलेली दोन आसनांची मोटार आज जगातल्या सर्वांत मौल्यवान मोटारींत गणली जाते. तिच्या घोटीव अंगाची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. पण ड्युसेनबर्गच्या ‘जे’ घराण्यातल्या त्या गाडीचे चारही ब्रेक हायड्रॉलिक होते, ही गोष्ट त्या अंगाइतकीच अभिमानाने सांगण्याजोगी आहे.

त्याआधीचे युग पाहायचे तर चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जावे. तिथे निजामाच्या रेल्वेचा 1914 सालचा जॉन मॉरिस अग्निशामक बंब आहे. भरीव रबरी टायरांचा हा बंब दिल्लीच्या जुन्या मोटारींच्या स्टेट्समन रॅलीत धावलेला आहे. त्याच्या काळात ब्रेक म्हणजे सळई, तरफ आणि माणसाचा दंड. सळईचा एक गुण होता: ती गळत नसे. अवगुण असा, की चारही चाकांना सारखा ताण कधी मिळत नसे. एक चाक आधी धरी, गाडी एका बाजूला ओढली जाई. द्रवाने हा भेदभाव मिटवला. त्याबदल्यात त्याने एक नवी भीती आणली.

ती अशी. आपल्याकडच्या जुन्या फियाट, अॅम्बॅसडर, स्टँडर्ड हेराल्ड यांच्यात मास्टर सिलिंडर एकेरी असे आणि चारही चाकांना एकच द्रव जोडलेला असे. एका चाकाची एक रबरी वाटी फाटली, एक होज फुटला, नळीला टाचणीएवढे छिद्र पडले, की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. उपाय म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांचे दोन वेगळे मार्ग करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर आला. कॅडिलॅकने तो 1962 मध्ये दिला आणि 1968 पासून अमेरिकेत नव्या मोटारींना सक्तीचा झाला. हिंदुस्थान मोटर्सने 1950 च्या दशकाच्या अखेरीस मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरून अॅम्बॅसडर बनवायला घेतली, तेव्हा हा विचार अजून मोटारींत रुळला नव्हता. म्हणून एकेरी मास्टर सिलिंडरच्या गाडीत हँडब्रेक हा पार्किंगसाठी नसून दुसरा प्राण आहे, असे समजून तो नेहमी नीट ठेवावा.

नळी कशी मरते? बाहेरून गंजते हे सगळ्यांना दिसते. मुंबईत समुद्राच्या खाऱ्या हवेने ती लवकर गंजते. दिल्लीची हवा कोरडी, म्हणून दिल्लीची जुनी गाडी घ्यावी असे शौकीन सांगतात, आणि पत्र्याच्या बाबतीत ते खरे आहे. ब्रेकच्या बाबतीत ते अर्धेच खरे, कारण नळी आतूनही मरते. नेहमीचे ब्रेक ऑइल नावाला ऑइल आहे; ते ग्लायकॉल जातीचे रसायन आहे आणि मिठाच्या बरणीसारखे हवेतले पाणी ओढून घेते. रबरी होजमधून, ऑइलच्या टाकीच्या झाकणातल्या श्वासछिद्रातून ओल आत जात राहते. दिल्लीचा उन्हाळा कोरडा असला तरी जुलै-ऑगस्टची दमट हवा आणि डिसेंबर-जानेवारीचे धुके या कामाला पुरेसे आहे. पाणी मुरले की दोन गोष्टी होतात.

पहिली, उकळबिंदू खाली येतो. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असावा लागतो, सुमारे 3.7 टक्के पाणी मुरल्यावर 140 चालतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नाही. पण दिल्लीची माणसे गाडी काढतात ती मसुरीला जायला. मसुरी सुमारे 2,000 मीटर उंचीवर, डेहराडून 640 मीटरवर. 1,200 किलोची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती 50 लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. काही भाग इंजिन आणि हवा खातात, बाकी उष्णता ड्रममध्ये आणि तिथून व्हील सिलिंडरमध्ये जाते. जुने, पाणी प्यालेले ऑइल तिथे उकळले की त्याची वाफ होते, वाफ हवेसारखीच आक्रसते, आणि वळणावर पेडल जमिनीला टेकते. खालच्या गावात पोचेपर्यंत सगळे थंड होते आणि ब्रेक पुन्हा नीट लागतो. मग दोष सापडतच नाही. खंडाळ्याचा, कसाऱ्याचा घाट उतरलेल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले ‘ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर’ हे वाक्य या शास्त्राचाच अर्क आहे.

दुसरी गोष्ट हळू घडते. पाणी सिलिंडरच्या लोखंडी भिंतीला आतून खाते. रोज चालणाऱ्या गाडीत दट्ट्या सतत पुढेमागे सरकतो, भिंत पुसली जाते. उभ्या गाडीत तो महिनोन्‌महिने एकाच जागी असतो आणि त्याच्या पुढच्या कोऱ्या भागावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. मग एक दिवस मालक ब्रेकमधली हवा काढायला बसतो. मदतनीस पेडल तळापर्यंत दाबतो. रबरी वाटी आयुष्यात पहिल्यांदा त्या खडबडीत पट्ट्यावरून जाते आणि तिची कड फाटते. दुरुस्तीला बसताना जे ठीक होते ते दुरुस्तीने मोडते. म्हणून जाणते मेकॅनिक हवा काढताना पेडलाखाली लाकडाचा ठोकळा ठेवतात, म्हणजे पेडल तळ गाठतच नाही. चार आण्याची ही युक्ती प्रत्येक मालकाने पाठ करावी.

होजचे मरण तर याहून लपलेले असते. बाहेरचे रबर काळेभोर, तडा नाही, ओल नाही. आतले अस्तर मात्र फुगून वाट अरुंद झालेली. नळीतला 52 किलोचा दाब द्रवाला त्या फटीतून पुढे ढकलतो, पण पाय काढल्यावर ब्रेक शूच्या स्प्रिंगला तो मागे आणता येत नाही. होज आपणच एकमार्गी झडप होऊन बसतो. चाक धरलेले राहते, ड्रम तापतो, गाडी एका अंगाला जाते, आणि मालक व्हील सिलिंडर बदलतो, शू बदलतो, गुण येत नाही. खरा दोषी एका हातभर रबरात असतो.

आता झडपा. यातली सर्वांत देखणी झडप मास्टर सिलिंडरच्या टोकाला, आत लपलेली असते. ड्रम ब्रेकच्या गाड्यांत पाय काढल्यावरही नळीत थोडा दाब, साधारण दर चौरस सेंटिमीटरला 0.7 किलो, मुद्दाम शिल्लक ठेवला जातो. व्हील सिलिंडरमधल्या वाट्यांच्या कडा त्यामुळे भिंतीला चिकटून राहतात आणि पेडल सोडताना बाहेरची हवा आत ओढली जात नाही. टायरमधल्या हवेच्या एक तृतीयांश दाब; तो नसेल तर गाडी रोज थोडी हवा पीत राहील. या झडपेतला रबराचा छोटा तुकडा कडक झाला की नेमके हेच होते, आणि मालक दर महिन्याला एअर काढत बसतो.

हीच झडप दुसऱ्या जागी घातक ठरते. शेवटच्या काळातल्या काही अॅम्बॅसडरना पुढे डिस्क ब्रेक होते, म्हणून जुन्या अॅम्बॅसडरला तो पुढचा संच बसवण्याचा मोह अनेकांना होतो. डिस्कच्या पॅडला मागे खेचणारी स्प्रिंग नसते. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर त्यातला शिल्लक दाब पॅडला डिस्कवर घासत ठेवतो. पुढे डिस्क, मागे ड्रम झाले की मागच्या चाकांचा दाब मर्यादेत ठेवणारी झडपही लागते. ब्रेक लागताच गाडी नाक खाली घालते, मागची चाके हलकी होतात, आणि हलके चाक आधी अडकले तर गाडीचे शेपूट पुढे यायला बघते. पुढच्या चाकांवर डिस्क लावणे म्हणजे केवळ दोन भाग बदलणे नव्हे. नळ्या, झडपा आणि मास्टर सिलिंडर यांचा सगळा तोल पुन्हा बांधणे आहे. ज्याला तो बांधता येत नाही त्याने नीट लावलेल्या ड्रमवर समाधान मानावे. मॉरिसच्या घराण्यात पुढच्या प्रत्येक चाकाला दोन व्हील सिलिंडर आहेत आणि दोन्ही शू चाकाच्या फिरण्याचाच जोर घेऊन ड्रमला घट्ट धरतात. ती रचना आपल्या काळासाठी उत्तम होती.

झडप म्हणून जिचे नावही घेतले जात नाही अशी एक जागा आणखी आहे. मास्टर सिलिंडरच्या भिंतीत, टाकीकडे उघडणारे एक छिद्र असते, मिलिमीटरपेक्षाही बारीक. पेडल पूर्ण वर आले की ते उघडते आणि तापून फुगलेला द्रव टाकीत परत जातो. कचऱ्याचा एक कण, फुगलेली रबरी वाटी किंवा पेडलाचा मोकळा खेळ नसणे, यांपैकी काहीही ते बंद करू शकते. मग गाडी चालता चालता ब्रेक आपोआप लागू लागतात. मास्टर सिलिंडर नवा घातल्यावर पेडलाला किंचित मोकळा खेळ ठेवायचा तो या सुईएवढ्या छिद्रासाठी.

दिल्लीत हा विषय आज अधिक निकडीचा झाला आहे, त्याचे कारण कायद्यात आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये राजधानी परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद केला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला, आणि पुढेही त्यावर आदेश होत राहिले. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, 20,000 रुपये शुल्क आणि 10 वर्षांची नोंदणी मिळते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. हे नियम वारसा वाचवणारे आहेत आणि त्यांचे स्वागतच करायला हवे. पण त्यांचा एक परिणाम असा, की या गाड्या वर्षाचे बहुतेक दिवस उभ्या असतात. आणि उभी गाडी आतून कशी खराब होते ते वर पाहिलेच. मग थंडी ओसरू लागली की त्या बाहेर येतात: 1964 पासून चालत आलेली स्टेट्समन रॅली, 2011 मध्ये सुरू झालेला ‘21 गन सॅल्यूट’ सोहळा. दोन्ही बाजूंना माणसे, कडेवर मुले, आणि मधून दीड-दोन टनांच्या ब्यूक, पॅकार्ड, रोल्स-रॉइस. त्या गर्दीसमोर त्या नळीवर किती भार येतो याचा विचार रंग करण्याआधी करायला हवा.

बदलायचे ठरवले तर काय घ्यावे? कारखान्यातून आलेली मूळ नळी साध्या पाइपासारखी नसते. पोलादाची पट्टी दोनदा गुंडाळून, तांब्याने झाळून ती दुपदरी केलेली असते. तिला बंडी ट्यूब म्हणतात, घरच्या फ्रिजमागेही तीच जात आढळते. तिच्या जोडीला तांबे-निकेलची नळी आहे: सुमारे 90 टक्के तांबे, 10 टक्के निकेल, थोडे लोखंड. ती गंजत नाही, हाताने वळते, आणि व्होल्व्हो कंपनी 1976 पासून ती वापरत आली आहे. माझे मत विचाराल तर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हीच घ्यावी. निव्वळ तांब्याची, एसी दुरुस्तीवाल्यांकडची नळी मात्र कुणी कितीही गोड बोलून बसवू पाहिली तरी नाकारावी. कंपनाने तांबे ठिसूळ होते आणि नटापाशी चीर जाते.

नळीचे टोक फुलवण्याचे काम सर्वांत नाजूक. एकेरी फुलवलेले टोक ब्रेकला चालत नाही. कड दुमडून दुहेरी करायची, नाहीतर ती चिरते. ब्रिटिश आणि अमेरिकी गाड्यांत बहुधा इंची आटे, युरोपी गाड्यांत मेट्रिक. दोन्ही नट पहिले दोन आटे एकमेकांत सहज बसतात आणि तिथेच फसवतात. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मगच पाना. जुना नट सोडवताना साधा पाना त्याचे कोपरे खातो. पाच बाजूंनी धरणारा, नळीसाठी फट ठेवलेला पाना वापरावा.

सामानासाठी दिल्लीसारखे शहर नाही. काश्मिरी गेटच्या बाजारात अजूनही जुन्या देशी गाड्यांच्या किटची चौकशी करता येते, करोल बागेत दुसरी रांग, आणि मायापुरीत मोडीत निघालेल्या गाड्यांचे ढीग. मायापुरीतून दरवाजाचे हँडल आणावे, काच आणावी. ब्रेकचा होज आणू नये. बंद पाकिटातला, कधीच न वापरलेला चाळीस वर्षांपूर्वीचा होज हा खजिना वाटतो. पण रबराचे वय बसवल्यापासून धरायचे नसते, बनल्यापासून धरायचे असते. ज्या परदेशी गाडीचे व्हील सिलिंडर कुठेच मिळत नाहीत, तिचा मूळ सिलिंडर लेथवर आतून कोरून त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी ठोकून घेता येते. हे काम चांगला खरादी करतो, बाहेरून गाडी मूळचीच राहते, आणि आतली भिंत मालकाच्या हयातीत गंजत नाही.

द्रवाबद्दल दोन शब्द. सिलिकॉनचे डॉट 5 पाणी ओढत नाही, रंगावर सांडले तर रंग उतरवत नाही, म्हणून प्रदर्शनाच्या गाड्यांचे मालक त्याकडे वळतात. पण ते ग्लायकॉलच्या ऑइलात मिसळत नाही, त्यातले हवेचे बारीक बुडबुडे निघता निघत नाहीत, आणि आत शिरलेले पाणी विरघळण्याऐवजी सर्वांत खालच्या जागी थेंब होऊन साचते. सगळी व्यवस्था कोरडी करून नवी रबरे घातली असतील तरच त्याचा विचार करावा. नाहीतर डॉट 4 घ्यावे आणि दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो, पूर्ण बदलावे. इंजिन ऑइलचा एक थेंबही यात जाऊ देऊ नये. खनिज तेलाने ही रबरे फुगतात.

हवा काढायची ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून. आपल्या उजव्या सुकाणूच्या गाड्यांत आधी मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. चाकापाशी असलेल्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचे टोक बाटलीतल्या ऑइलात बुडलेले, टाकी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. आधी तपकिरी, गढूळ द्रव येतो, मग बुडबुडे, मग मधासारखा स्वच्छ द्रव. घाई नको.

काही शौकिनांना भीती वाटते की नवी नळी, नवे होज लावले तर मोटार ‘मूळची’ राहणार नाही आणि परीक्षक गुण कापतील. नळी, होज, रबरे ही टायरसारखीच झिजून बदलण्याची वस्तू आहे. कारखान्यानेही ती बदलण्यासाठीच बनवली. मूळ वळणे, मूळ चिमटे, मूळ वाट कायम ठेवून नवी नळी घातलेली गाडी हीच खरी जपलेली गाडी. संग्रहालयातल्या गाडीची गोष्ट निराळी. ताउडूजवळच्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये किंवा शास्त्रीजींच्या स्मारकात जी गाडी चालणारच नाही, तिची मूळ गंजकी नळीही इतिहास म्हणून ठेवायला हवी. जी रस्त्यावर येणार, तिला हा सल्ला लागू नाही.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर रॅलीच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी हे करा. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट दाबा आणि घड्याळात एक मिनिट मोजा. ते तसूभरही खाली गेले तर द्रव कुठून तरी निसटतो आहे. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून ओल पाहा. होज केव्हा बनले ते सांगता येत नसेल तर सगळे बदला. मग गाडी बाहेर काढा.